गूगलच्या क्रमवारीतून घसरलेला ब्लॉग पुन्हा वर कसा आणावा

गूगलकडून ब्लॉगवर येणारे वाचक एकाएकी निम्म्यावर आले, की बहुतेक लेखक त्याच दिवशी दुरुस्तीला लागतात. शीर्षके बदलली जातात, जुने लेख पुसले जातात, नवी थीम बसवली जाते आणि कोणी तरी सुचवले म्हणून बॅकलिंकही (दुसऱ्या संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणारे दुवे) विकत घेतल्या जातात. यातले काहीही करण्याआधी घसरण कोणत्या प्रकारची आहे हे निश्चित करावे, कारण एका प्रकारावरचा उपाय दुसऱ्या प्रकारात निरुपयोगी असतो आणि पुष्कळदा नुकसान वाढवतो.

बोलण्यात आपण ज्याला सरसकट ‘पेनल्टी’ म्हणतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली मॅन्युअल अ‍ॅक्शन : गूगलमधील माणसाने संकेतस्थळ तपासून, स्पॅमविषयीच्या नियमांचा भंग झाला आहे असे ठरवून केलेली कारवाई. तिची सूचना सर्च कन्सोल या संकेतस्थळमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात मिळते आणि ती उठवण्यासाठी अर्जही करता येतो. दुसरी घसरण गूगलच्या गणनपद्धतीतील (अल्गोरिदममधील) बदलामुळे होते. २०११ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘पांडा’ने निकृष्ट मजकूर आणि २०१२ च्या एप्रिलमधील ‘पेंग्विन’ने कृत्रिम दुवे यांना खाली ढकलले, तेव्हापासून हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा झाला. आता ही कामे मुख्य प्रणालीतच सामावली आहेत आणि वर्षातून अनेकदा येणाऱ्या कोअर अपडेटच्या (मुख्य प्रणालीतील व्यापक बदलाच्या) वेळी त्यांचे परिणाम ठळकपणे दिसतात. या दुसऱ्या प्रकारात सूचना येत नाही आणि अर्जाची सोयही नाही.

म्हणून सर्वप्रथम सर्च कन्सोलमधील ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ आणि ‘सिक्युरिटी इश्यूज’ ही दोन पाने उघडावीत. दोन्ही ठिकाणी काहीच नोंद नसेल, तर ‘परफॉर्मन्स’ अहवालाकडे वळावे. तेथे फक्त १६ महिन्यांची आकडेवारी राहते, त्यामुळे ती आजच उतरवून ठेवावी. घसरणीपूर्वीचा आणि नंतरचा सारख्या लांबीचा काळ शेजारी ठेवून क्लिक, इम्प्रेशन (पान शोधनिकालांत किती वेळा दिसले) आणि सरासरी स्थान हे तिन्ही आकडे स्वतंत्रपणे वाचावेत. स्थान तेच असून इम्प्रेशन उतरली असतील, तर बहुधा लोकांनी तो विषय शोधणेच कमी केले आहे. दिवाळीनंतर चकलीच्या पाककृतीचे किंवा निकालानंतर दहावीच्या वेळापत्रकाचे असे होणे स्वाभाविक आहे. स्थान आणि इम्प्रेशन दोन्ही जागच्या जागी असून फक्त क्लिक घटले असतील, तर गूगलच्या शोधनिकालांच्या पानाची मांडणी बदलली असण्याचा संभव असतो. तिसरी शक्यता अगदी साधी असूनही वारंवार नजरेतून सुटते : वर्डप्रेसमध्ये सर्च इंजिनांना ब्लॉग इंडेक्स करण्यापासून (आपल्या सूचीत घेण्यापासून) परावृत्त करणारा पर्याय ‘रीडिंग’ सेटिंग्जमध्ये असतो आणि थीम बदलताना किंवा होस्टिंग हलवताना तो चालू राहून जातो.

हे सर्व तपासूनही स्थानच घसरले आहे असे दिसले, तर घसरणीची तारीख गूगलच्या ‘सर्च स्टेटस डॅशबोर्ड’वरील अपडेटच्या तारखांशी ताडून पाहावी. अपडेट संपल्यावर किमान एक पूर्ण आठवडा जाऊ द्यावा आणि मगच तुलना करावी. एखादे पान दुसऱ्या क्रमांकावरून चौथ्यावर गेले, तर त्यासाठी मोठी उलथापालथ करू नये. चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेले, तर मात्र संपूर्ण ब्लॉगचे कठोर परीक्षण करणे भाग आहे.

आता मॅन्युअल अ‍ॅक्शनकडे येऊ. सूचनेत कारण लिहिलेले असते आणि कारवाई सर्व पानांवर आहे की काही पानांवर, हेही नमूद असते. स्ट्रक्चर्ड डेटाविषयीची (पानातील माहिती गूगलला ठरावीक साच्यात सांगणाऱ्या कोडविषयीची) कारवाई असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. तिच्यामुळे शोधनिकालातील विशेष मांडणी जाते, क्रमवारी नाही. ब्लॉगच्या बाबतीत दोन कारणे अधिक गंभीर असतात : कृत्रिम दुवे आणि वाचकाला काहीही नवे न देणारा मजकूर.

दुव्यांच्या बाबतीत ‘रॅप जीनियस’ या गीतांच्या अमेरिकी संकेतस्थळाचे उदाहरण बोलके आहे. ट्विटरवर प्रसिद्धी देण्याच्या मोबदल्यात ब्लॉगलेखकांनी गीतांचे दुवे आपल्या लेखात घालावेत, अशी योजना त्यांनी चालवली होती. ती उघड झाल्यावर २०१३ च्या नाताळात गूगलने त्यांना खाली ढकलले. पण त्यांनी आपल्याकडे येणारे दुवे गोळा करून संशयास्पद दुवे काढवून घेतले, उरलेले नाकारले, आणि २०१४ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच ते परतले. इतका वेग सामान्य ब्लॉगच्या वाट्याला येईल असे समजू नये, मात्र कामाचा क्रम तोच ठेवावा. सर्च कन्सोलमधील ‘लिंक्स’ अहवाल उतरवावा, प्रत्येक डोमेनपुढे तो दुवा कसा मिळाला हे लिहावे, आणि जे दुवे पैसे, वस्तू किंवा अदलाबदलीतून आले असतील त्यांच्या मालकांना ते काढण्याची विनंती करावी. पाठवलेल्या प्रत्येक ईमेलची तारीख आणि आलेले उत्तर एका तक्त्यात नोंदवावे, कारण पुढे अर्जात हाच पुरावा उपयोगी पडतो.

जे दुवे प्रयत्न करूनही निघत नाहीत, त्यांच्यासाठी ‘डिसअ‍ॅव्हाउ’ हे साधन आहे. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर एक पत्ता, किंवा संपूर्ण संकेतस्थळ नाकारायचे असल्यास ‘डोमेन’ हा इंग्रजी शब्द, अपूर्णविराम आणि लगेच त्या संकेतस्थळाचे नाव, असे लिहावे. फाइल यूटीएफ-८ मध्ये, २ एमबीपर्यंत आणि १ लाख ओळींच्या आत असावी. नवी यादी चढवली की जुनी पुसली जाते, म्हणून दर वेळी पूर्ण यादीच द्यावी. येथे एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो. २०१६ मध्ये पेंग्विन मुख्य प्रणालीचा भाग झाल्यापासून गूगल बहुतेक निरर्थक दुवे स्वतःच दुर्लक्षित करते. मॅन्युअल अ‍ॅक्शन नसताना आणि दुवे आपण विकत घेतलेले नसताना, एखाद्या साधनाने ‘विषारी’ ठरवले म्हणून शेकडो डोमेन नाकारणे म्हणजे आपल्याच हाताने चांगले दुवे तोडणे होय.

उलट दिशेचे, म्हणजे आपल्या ब्लॉगवरून बाहेर जाणारे, दुवेही तपासावेत. पैसे घेऊन लिहिलेल्या लेखांतील दुव्यांना २०१९ पासून उपलब्ध असलेला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा जुना ‘नोफॉलो’ हा, दुवा क्रमवारीसाठी धरू नये असे गूगलला सुचवणारा, गुणधर्म लावावा, अन्यथा ते काढून टाकावेत.

मजकुराचा प्रश्न मराठीत विशेष गांभीर्याने घेतला पाहिजे. सरकारी योजना, नोकरभरती आणि निकाल या विषयांवरील असंख्य ब्लॉगवर एकाच शासन निर्णयातील तेच परिच्छेद मागेपुढे करून छापलेले दिसतात, आणि इंग्रजी लेख यंत्राकडून भाषांतरित करून शेकड्यांनी पाने तयार करण्याची रीतही रुळली आहे. २०२४ च्या मार्चमध्ये गूगलने मोठ्या प्रमाणावर निर्माण केलेल्या निरुपयोगी मजकुराविषयीचा नियम अधिक स्पष्ट केला. वाचकाला फारसे काही न देता दुसऱ्याचा मजकूर उचलून, समानार्थी शब्द घालून किंवा भाषांतर करून पाने वाढवणे त्यात बसते. ते काम माणसाने केले की यंत्राने, याने फरक पडत नाही. पानाच्या तळाशी रोमन लिपीतील शब्दांची रांग पार्श्वभूमीच्या रंगात लपवणे हाही नियमभंगच आहे.

अशा वेळी प्रत्येक पानाचा निवाडा वेगळा करावा. ज्या योजनेचा अर्ज भरताना कोणते कागद अडतात, कोणता दाखला कोणत्या कार्यालयातून मिळतो, हे आपण स्वतः विचारून लिहू शकतो, ते पान नव्याने लिहावे. एकाच विषयावरची चार-पाच पाने असतील, तर त्यांतील उपयुक्त भाग एका पानात आणून बाकीच्या पत्त्यांवरून ३०१ पुनर्निर्देशन (वाचकाला कायमचे नव्या पत्त्यावर वळवणे) लावावे. ज्यात आपले काहीच नाही ते काढावे आणि त्या पत्त्यावर ४०४ (पान सापडले नाही) किंवा ४१० (पान कायमचे काढले) उत्तर मिळू द्यावे. पान ठेवायचे पण इंडेक्समधून वगळायचे असेल, तर ‘नोइंडेक्स’ लावावे आणि तेच पान रोबोट्स फाइलमध्ये (कोणती पाने वाचू नयेत हे सर्च इंजिनांना सांगणाऱ्या फाइलमध्ये) अडवू नये, कारण गूगल पान वाचू शकले नाही तर त्याला तो निर्देशही दिसत नाही. काही पाने सुधारून काही तशीच ठेवली, तर कारवाई अर्धवट उठत नाही. बाधित पाने सगळी दुरुस्त झालेली असावी लागतात.

त्यानंतर पुनर्विचाराचा अर्ज करावा. त्यात नेमका दोष कोणता होता, तो दूर करण्यासाठी काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, या तीन गोष्टी असाव्यात. ‘आम्ही सर्व नियम पाळतो, कृपया कारवाई मागे घ्यावी’ हे वाक्य तपासणाऱ्याला काहीही सांगत नाही. ‘आम्ही एका एजन्सीकडून दुवे विकत घेतले होते, त्यांची यादी, पाठवलेल्या विनंत्या, काढलेले आणि नाकारलेले दुवे सोबतच्या तक्त्यात आहेत’ असे लिहिले, तर त्याला पडताळणी करता येते. उत्तर यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि दुव्यांच्या बाबतीत त्याहून अधिकही. पहिल्या अर्जाचा निर्णय येण्यापूर्वी दुसरा पाठवू नये.

‘सिक्युरिटी इश्यूज’मध्ये नोंद असेल, तर आधी होस्टिंग कंपनीच्या मदतीने घुसखोरी बंद करावी, अनोळखी वापरकर्ते आणि प्लगइन काढावेत, सर्च कन्सोलमध्ये कोणी परका मालक म्हणून नोंदला गेला आहे का ते पाहावे. घुसवलेला मजकूर पुष्कळदा फक्त गूगललाच दाखवला जातो, म्हणून ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मधून पानाचे गूगलला दिसणारे रूप अवश्य तपासावे.

घसरण कोअर अपडेटची असेल, तर काम अधिक संथ असते. लेख कोणी लिहिला, कसा तयार झाला आणि कशासाठी लिहिला, हे वाचकाला पानावरच कळावे. मजकूर न बदलता तारीख ताजी करणे व्यर्थ आहे. क्रमवारी सुधारेल एवढ्याच आशेने जुने लेख घाऊक पुसण्याचाही उपयोग होत नाही, हे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे. काही सुधारणांचा परिणाम थोड्या दिवसांत दिसतो, तर काहींना अनेक महिने लागतात, आणि कधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत थांबावे लागते. तोवर कोणत्या तारखेला कोणत्या पानात काय बदलले याची नोंद ठेवावी, म्हणजे चढ दिसल्यास त्याचे कारण शोधता येईल.

कारवाई उठल्यानंतरही जुना क्रमांक परत मिळेलच असे नाही. तो विकतच्या दुव्यांच्या जोरावर मिळालेला असेल, तर तो आधार आता उरलेला नसतो. अशा वेळी नवे डोमेन घेऊन जुन्याचे सर्व पत्ते तिकडे वळवण्याचा सल्ला अनेक जण देतात. पुनर्निर्देशनाबरोबर जुन्या दुव्यांचे संकेतही नव्या पत्त्यावर जातात, त्यामुळे सफाई न करता केलेल्या स्थलांतराने काहीही सुटत नाही. नव्याने आरंभ करायचाच असेल, तर पुनर्निर्देशन न लावता, निवडक आणि स्वतः लिहिलेले लेखच तिकडे न्यावेत, आणि जुन्या ठिकाणचे तेच लेख काढून टाकावेत.