पीसी बसला, गाणी गेली... डिस्कला हात लावायच्या आधी काय काय जमवायचं

पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटर बंद करायचा, वायर काढायची आणि चहा प्यायला जायचं. मी हे केलं नाही म्हणून सांगतोय. मे महिना, दुपारचे तीन, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीय, त्यात लाइट दोनदा गेली आली आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा विंडोज उठलंच नाही. मी चार वेळा बंद-चालू केलं, मग घाईघाईत पीसी उचलून एका दुकानात नेला, त्या माणसाने "काय नाय, विंडोज टाकून देतो" म्हटलं आणि संध्याकाळी पीसी मस्त चालू होऊन घरी आला, फक्त डी ड्राइव्ह रिकामा होता. अख्खी डिस्क फॉरमॅट. दुकानाचं नाव सांगत नाही, चूक माझीपण आहे, आत काय आहे हे मी बोललोच नव्हतो.

म्हणून तयारीतली पहिली वस्तू कागद आणि पेन. दुकानात जायच्या आधी, सॉफ्टवेअर शोधायच्या आधी, बसून लिहून काढा की डिस्कवर काय काय होतं आणि त्यातलं परत कुठूनच मिळणार नाही असं काय. माझ्याकडे ६० जीबीच्या आसपास गाणी होती, आणि लिहायला बसल्यावर कळलं की त्यातली पाऊणएक तरी सीडीवरून किंवा विकत घेऊन परत आणता येतील. न मिळणाऱ्या गोष्टी तीनच निघाल्या. एक, आमच्या अण्णांच्या गुरुवारच्या भजनी मंडळाच्या २२ कॅसेटा, ज्या मी एका दिवाळीच्या सुट्टीत बसून पीसीवर घेतल्या होत्या. दोन, माझ्या प्लेलिस्ट. तीन, गाण्यांना मी स्वतः भरलेली माहिती, कुठला राग, कुठल्या साली कुणाकडून मिळालं, तबल्यावर कोण. हे कागदावर आलं की डोकं शांत होतं, कारण मग ६० जीबीसाठी रडायचं नसतं, फक्त तेवढ्यासाठी धडपडायचं असतं.

दुसरी गोष्ट, डिस्कचा आवाज ऐका. खट-खट, खट-खट असं एका ठेक्यात येत असेल तर आतली यांत्रिक बाजू गेलेली असण्याची शक्यता जास्त, तिथे घरचे उपाय बंद, परत करंट द्यायचा नाही, धूळविरहित खोली असलेल्या रिकव्हरीवाल्याकडेच जायचं आणि आधी विचारायचं की डेटा नाही निघाला तर पैसे किती. डिस्क घरी उघडायची नाही. माझा एक मित्र म्हणाला, "काय बघत बसलालास बे, फ्रीजरमध्ये ठेव की रात्रभर!" हा उपाय बऱ्याच लोकांनी ऐकलेला असतो, करू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. आणि डिस्क खराब वाटत असेल तर विंडोजचं चेकडिस्क पण चालवू नका, ते दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहीत सुटतं. नियम एकच लक्षात ठेवायचा, जिथून काढायचंय तिथे लिहायचं नाही. साध्या हार्ड डिस्कवर डिलीट किंवा क्विक फॉरमॅट झालेल्या फाईली वर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत पडून असतात. एसएसडीचं तसं नाही, तिथे ट्रिम नावाची भानगड आहे, डिलीट झालेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते, त्यामुळे एसएसडीवरून उडालेलं बहुतेक वेळा गेलंच समजायचं. माझी जुनी फिरणारी डिस्क होती हे माझं नशीब.

आता बाजारातून काय आणायचं. नवीन डिस्क, आणि ती जुन्यापेक्षा मोठी. माझी जुनी १ टीबीची, मी २ टीबीची आणली, कारण आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी म्हणजे इमेज काढायची आणि मग त्या इमेजमधून गाणी शोधून काढायची, दोन्हीला जागा लागते. मग साटा टू यूएसबी अडॅप्टर, म्हणजे सुटी डिस्क यूएसबीला जोडायची वायर. इथे बघून घ्या, डेस्कटॉपची जाडी डिस्क असेल तर तिला १२ व्होल्टचा वेगळा सप्लाय लागतो, लॅपटॉपच्या छोट्या डिस्कचं अडॅप्टर तिला चालत नाही, मी नवी पेठेत एकाच दिवशी दोन चकरा मारल्या या पायी. एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी थेट पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टीम, टाकून ठेवायचं (दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन, आपल्या मेलेल्या नाही). आणि मशीन विंडोज ११ वालं असेल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की, कारण बऱ्याच नवीन लॅपटॉपमध्ये डिस्क आपल्याला न विचारता लॉक झालेली असते आणि दुसऱ्या मशीनला लावली की ती की मागते. बऱ्याचदा ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सापडते, पण त्या अकाउंटचा पासवर्ड कुणाला आठवतोय, तो आधी शोधा.

लाइटची सोय. हे पुण्या-मुंबईचे लोक यादीत लिहीत नाहीत. १ टीबीची ठणठणीत डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तरी पावणेतीन तास लागतात, आणि आजारी डिस्क एवढ्या वेगाने कधीच वाचत नाही, माझ्या डिस्कला दोन रात्री लागल्या. दुपारी करू नका, रात्री नऊनंतर सुरू करा, डिस्क फरशीवर सुटी ठेवा आणि समोर टेबलफॅन. साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्या. कॉपीसाठी मी उबुंटूवर डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरलं, त्याची खुबी म्हणजे ते मॅप फाईल ठेवतं, कुठवर वाचलं, कुठला भाग अडला, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी तिथून पुढे चालू होतं आणि चांगला भाग आधी उचलून खराब भागाकडे नंतर वळतं. मॅप फाईल मात्र नवीन डिस्कवर ठेवा, उबुंटूच्या डेस्कटॉपवर ठेवली आणि लाइट गेली की तीपण गेली, हे मी पहिल्या रात्री शिकलो.

इमेज हातात आली की जुनी डिस्क कापडात गुंडाळून कपाटात. पुढचं सगळं इमेजवर. आधी टेस्टडिस्क हे सॉफ्टवेअर चालवून बघा, नुसतं पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा भाग) हरवलं असेल तर फोल्डर आणि नावांसकट सगळं परत दिसतं. माझ्याकडे वर नवीन विंडोज बसलेलं, त्यामुळे फोटोरेक या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर यावं लागलं. नाव फोटोचं असलं तरी ते एमपीथ्री, फ्लॅक, वेव्ह अशा गाण्यांच्या सगळ्या फाईली शोधतं, पण फाईलच्या सुरुवातीची खूण ओळखून शोधतं, नाव त्याला कळत नाही, म्हणून तुम्हाला मिळतात ५००-५०० फाईलींचे ढीग, प्रत्येकीचं नाव म्हणजे एक एफ आणि पुढे आकडे. शिवाय जी फाईल डिस्कवर तुकड्यातुकड्यात होती ती बिघडून येते. एक अभंग छान चालू होता आणि चौथ्या मिनिटाला एकदम ढोलकी आणि लावणी. अण्णा म्हणाले, "हे आमच्या मंडळात कधी झालं रे?"

या ढिगाला नावं द्यायला पिकार्ड हे सॉफ्टवेअर आधीच उतरवून ठेवा, ते गाण्याचा आवाज ऐकून ठशासारखी ओळख काढतं आणि म्युझिकब्रेन्झ या इंटरनेटवरच्या गाण्यांच्या यादीशी जुळवतं. हिंदी सिनेमाची बरीच गाणी ओळखतं, जुनी मराठी कमी, आणि आपल्या सोलापूरच्या घराघरात वाजणारी कन्नड आणि तेलुगू भक्तिगीतं तर माझ्याकडची जवळपास सगळीच निनावी राहिली. एक बरं असतं, एमपीथ्रीच्या आत टॅग (गाण्याचं नाव, गायक वगैरे) भरलेले असतील तर फाईलचं नाव गेलं तरी आतलं नाव टिकतं, एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर वापरून टॅगवरून फाईलची नावं एका झटक्यात परत करता येतात. माझी सिनेमाची गाणी अशीच सुटली. भजनांना मात्र मी नुसती फाईलची नावं दिली होती, आत काहीच भरलं नव्हतं, आळस, दुसरं काय. ती ओळखायला सॉफ्टवेअर नाही, त्यासाठी अण्णा लागले. रोज जेवण झाल्यावर अर्धा तास, मी लावायचो आणि ते सांगायचे, हा पेटीवाला अमुक म्हणजे हे जुन्या वाड्यातलं, याच्यात मागे पाऊस ऐकू येतोय म्हणजे आषाढातलं. तर यादीत हेपण लिहा, ओळखणारं माणूस, आणि त्यांच्या वेळा.

हे चालू असतानाच दुसरीकडून वसुली सुरू करायची. आपली लायब्ररी आपण वर्षानुवर्षं वाटत आलेलो असतो. भावाच्या गाडीतला पेनड्राइव्ह, मावशीचा जुना मोबाइल, ड्रॉवरमधला बंद पडलेला आयपॉड, गणपतीत मंडळाला दिलेली सीडी, व्हॉट्सॲपवर पाठवलेली भजनं. मला गाडीच्या पेनड्राइव्हवरच १,४०० गाणी मिळाली, नावांसकट. एकच गाणं तीनदा आलं तर लगेच उडवू नका, तिन्ही ठेवा, बॅकअप झाल्यावर निवांत ऐकून ठरवा. आणि कमी दर्जाचं, १२८ केबीपीएसचं गाणं ३२० करून काही सुधारत नाही, फाईल फुगते फक्त.

प्लेलिस्टचं वेगळं. एमथ्रीयू, म्हणजे प्लेलिस्टची फाईल, हा साधा मजकूर असतो, त्यात गाणं नसतं, गाण्याचा पत्ता असतो. डी ड्राइव्हचा ई झाला की सगळी प्लेलिस्ट मुकी. नोटपॅडमध्ये उघडून पत्ता बदलला की चालते. आयट्यून्स वापरत असाल तर स्टार आणि किती वेळा ऐकलं ते गाण्यात नसून लायब्ररीच्या वेगळ्या फाईलीत असतं, तीपण बॅकअपच्या यादीत हवी, नुसतं म्युझिक फोल्डर उचलून भागत नाही.

आता बॅकअप, आणि इथे मी हट्टी आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, एक घराबाहेर. दोन डिस्क सिंक करून ठेवणं म्हणजे बॅकअप नाही, इकडे चुकून फोल्डर उडवलं की तिकडूनही उडतं, त्यामुळे सिंकच्या सॉफ्टवेअरमध्ये उडवलेलं बाजूला ठेवायची सेटिंग चालू करा. पैसे भरून ऐकायच्या ॲपमध्ये डाउनलोड केलेलं पण यात धरू नका, वर्गणी थांबली की ते वाजत नाही. घरची एक डिस्क, ती फक्त कॉपी करतानाच जोडायची, कायम लावून ठेवली तर पुढच्या लाइटच्या झटक्यात दोन्ही जातील. दुसरं क्लाउड, पण सगळं नको. गूगलचे फुकटचे १५ जीबी मेल आणि फोटोत वाटले जातात, तिथे फक्त न मिळणारं टाकायचं. २२ कॅसेटा तासाच्या, म्हणजे १,३२० मिनिटं, वेव्हमध्ये मिनिटाला साधारण १० एमबी धरले तर १३ जीबी होतात, फ्लॅक केल्यावर माझे ७ जीबीच्या आत बसले, आवाजात काही कमी न होता. फ्लॅकचा अजून एक फायदा, मूळ आवाजाचा हिशोब फाईलच्या आतच लिहिलेला असतो, त्यामुळे फाईल सडली का ते तपासता येतं. २२ पैकी १७ कॅसेटांचं पूर्ण परत मिळालं, उरलेल्या पाच परत टेपवर लावून घेतोय, एका कॅसेटला बुरशी आहे, तिचं बघू.

कॉपी झाली की दोन्हीकडच्या फाईलींची संख्या आणि एकूण साइज जुळवा, आणि डोळे मिटून कुठल्याही दहा फाईली बॅकअपवरून वाजवून बघा, शेवटपर्यंत, नुसती सुरुवात नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची तब्येत बघा, पिवळं दिसलं की पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. माझं पिवळं आधीच असणार, मी बघितलंच नव्हतं.

तिसरी प्रत ताईकडे पुण्याला. ती दर वर्षी संक्रांतीला इथल्या गड्ड्याच्या यात्रेला येते, तेव्हा पुण्याची डिस्क घेऊन येते आणि इथली ताजी घेऊन जाते, तारीख लक्षात ठेवायला वेगळा रिमाइंडर लागत नाही. डिस्कवर चिकटपट्टी लावून तारीख मार्करने लिहा, चार्जर आणि केबल सोबत द्या, आणि डिस्क वेगळ्या पिशवीत घाला, कारण ताईच्या बॅगेत शेंगाचटणीची पाकिटं असतात आणि पुणे येईपर्यंत त्यांना तेल सुटलेलं असतं.