काजूच्या हंगामात कामगारांना उष्माघातापासून जपा

गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडण्यात काजूचा हंगाम ऐन भरात येतो तेव्हाच ऊनही तापलेलं असतं. पारा ३३-३४ अंशांवरच आहे म्हणून गाफील राहू नका. आपल्याकडची हवा दमट. घाम येतो, पण वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यात काजूच्या दाट फांद्यांखाली वाराही अडतो.

सर्वांत जास्त जपायचं ते नव्या माणसाला. शरीराला उष्म्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. गडी कितीही धडधाकट असो, पहिल्या दिवशी त्याला उन्हात रोजच्या कामाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम द्या आणि पुढे रोज तेवढंच वाढवा. आजारातून उठलेल्यालाही एकदम पूर्ण कामाला जुंपू नका.

रात्रीत गळलेले बोंडू (काजूची फळं) उजाडताच गोळा करायला घ्या. अकराच्या आत उन्हातलं काम आटोपा, उरलेलं चारनंतर. पाण्याची कळशी काम चालू असेल तिथेच, सावलीत हवी. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायला लावा. बागायतीत आडोसा नसतो म्हणून बायका मुद्दाम पाणी कमी पितात, हे मालकांच्या ध्यानातच येत नाही. चार बांबू नि ताडपत्रीचा आडोसा करून द्या, तो पाण्याइतकाच गरजेचा आहे. दहा वाजता मीठ घातलेली पेज उत्तम. काम संपेपर्यंत हुर्राक (बोंडूंच्या रसाची पहिल्या धारेची दारू) मात्र कुणालाच नको. भाटीवर, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीवर, जाळ घालणारा माणूस आलटून-पालटून बदला.

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायांत पेटके असं काही दिसलं की काम थांबवून सावलीत बसवा. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजा. फवारणी करणाऱ्याच्या तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या तर विषबाधेची शंका घ्या. दवाखान्यात जाताना फवारणीच्या औषधाचा डबा सोबत न्या.

माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला तर घाम येत असला तरी तो उष्माघातच समजा. लगेच १०८ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगभर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका. कांद्याचा रस चोळण्यात वेळ घालवू नका. डोंगरातल्या बागायतीत मोबाईलला रेंज कुठे मिळते, रुग्णवाहिका कुठवर चढते आणि तिथपर्यंत माणसाला कशावरून उचलून न्यायचं, हे हंगामाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवून ठेवा.