झेड-इंडेक्स ९९९९ केला तरी मेनू मागेच? आधी त्याचा बाप शोधा

एचटीएमएल-सीएसएस बऱ्यापैकी येतं, दोन-चार पानं बनवून झालीत आणि आता कुणाचं तरी खरं काम हातात घ्यायचंय, अशांसाठी हे लिहितेय. कुठला टॅग कशाला ते सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंच.

माझं पहिलं पैसे मिळणारं काम म्हणजे पाच पानांची साधी साइट. सगळं झालं होतं, फक्त हेडरमधला ड्रॉपडाउन मेनू उघडला की खालच्या बॅनरच्या मागे जायचा. पहिला पर्याय अर्धा दिसायचा, बाकीचे फोटोखाली गडप. मी झेड-इंडेक्स (कुठला भाग वर आणि कुठला खाली दिसणार ते ठरवणारा सीएसएसचा आकडा) १० केला, १०० केला, ९९९९ केला, मग इंपॉर्टंट लावला, तरी ढिम्म. तीन रात्री गेल्या त्यात आणि तिसऱ्या रात्री तर वाटलं की हे काम आपल्याला जमणारंच नाही. अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं, म्हणून हे एवढं सविस्तर सांगते.

झेड-इंडेक्सचा आकडा अख्ख्या पानात मोजलाच जात नाही. तो आपापल्या स्टॅकिंग कॉन्टेक्स्टच्या, म्हणजे एकत्र वर-खाली होणाऱ्या थरांच्या गटाच्या, आत मोजला जातो. टेबलावर दोन पाकिटं एकावर एक ठेवलीयत असं समजा. खालच्या पाकिटातला सगळ्यात वरचा कागद घेतला, तरी तो वरच्या पाकिटाच्या खालीच राहणार. त्या कागदावर ९९९९ लिहा नाहीतर नऊ कोटी, पाकीट हलत नाही तोवर काही होत नाही.

आणि ही पाकिटं न सांगता तयार होतात. ओपॅसिटी १ पेक्षा जरा कमी केली की झालं पाकीट. फिल्टर लावला, पोझिशन फिक्स्ड किंवा स्टिकी केली, ट्रान्सफॉर्म दिला, तरी तेच. माझ्या हेडरला पान उघडताना वरून सरकत येणारं ॲनिमेशन होतं आणि शेवटी ट्रान्सलेट-वाय शून्य असं ठेवलेलं. शून्य म्हणजे डोळ्यांना काहीच फरक नाही, हेडर जागच्या जागी. पण ब्राउझरच्या लेखी ट्रान्सफॉर्म 'नन' सोडून काहीही असला की नवा कॉन्टेक्स्ट. म्हणजे थरांच्या क्रमात माझं हेडर शून्यावर, बॅनरला पोझिशन रिलेटिव्ह आणि झेड-इंडेक्स १, आणि मेनू बिचारा हेडरच्या आत अडकलेला. उपाय काय होता, तर मेनूला हात न लावता हेडरलाच पोझिशन रिलेटिव्ह आणि झेड-इंडेक्स २. दोन ओळी.

हे मला कळलं ते एका सिनियरमुळे. आधी एकाला दाखवलं होतं, त्याने लॅपटॉप ओढून घेतला, काहीतरी खटाखट टाइप केलं, मेनू वर आला आणि दुसऱ्या पानावर परत तेच. ही मात्र कीबोर्डला शिवलीसुद्धा नाही. म्हणाली, "आकडा सोड. ह्या मेनूचा बाप, म्हणजे त्याला पोटात घेणारा एलिमेंट, कोण? आणि त्याचा बाप? त्यांना काय काय लावलंयस ते एकेक बंद करून बघ." डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधलं पानाचा कोड तपासायचं साधन) एकेक टिक काढत वर गेले आणि तिसऱ्या टिकला मेनू टुणकन वर आला. मेंटर शोधत असाल तर असा शोधा. उत्तर हातात देणारे पुष्कळ भेटतात, ते एआयही देतं, पण त्यातली ओळ कशासाठी आहे हे सांगता येत नसेल तर ती पेस्ट करू नका. ह्या बाबतीत मी कडक आहे आणि राहणार.

ह्याच घराण्यातला अजून एक त्रास: बापाला ट्रान्सफॉर्म असेल तर आतलं पोझिशन फिक्स्ड स्क्रीनला चिकटत नाही, त्या बापाला चिकटतं. पॉपअप भलतीकडेच उघडला तर आधी हेच तपासा. खरंतर पॉपअपसाठी सरळ डायलॉग टॅग आणि शो-मोडल वापरा, मार्च २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतो आणि सगळ्यांच्या वरच्या वेगळ्या थरात जातो, तिथे झेड-इंडेक्सचा प्रश्नच नाही.

बाकी पटकन. डबे कुठे संपतात ते दिसत नसेल तर सगळ्यांना लाल आउटलाइन द्या, बॉर्डर नको, बॉर्डर जागा खाते आणि लेआउटच बदलतो. फिकट राखाडी अक्षरांचा मोह आवरा, साध्या मजकुराला किमान ४.५:१ काँट्रास्ट लागतो.

आणि काही विचित्र दिसलं की स्वतःला दोष देऊ नका. जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये दहा दिवसांत लिहिली. त्यात टाइपऑफ नल, म्हणजे 'काहीच नाही'चा प्रकार कुठला, असं विचारलं की 'ऑब्जेक्ट' असं चुकीचं उत्तर येतं, ते आजही तसंच आहे, कारण दुरुस्त केलं तर जुन्या साइट मोडतील. कुठल्या पानावरून आलात ते सर्व्हरला सांगणाऱ्या एचटीटीपीच्या रेफरर हेडरच्या स्पेलिंगमध्ये एक आर कमी आहे, तोही तसाच चालू आहे. वेब जुनं काही मोडू देत नाही, म्हणून तर वेबचा जनक टिम बर्नर्स-लीने सर्न ह्या संशोधन संस्थेत बनवलेलं पहिलं संकेतस्थळ आजच्या ब्राउझरमध्येही वाचता येतं.

आता मी प्रत्येक प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच सगळे झेड-इंडेक्स एका जागी व्हेरिएबलमध्ये लिहून ठेवते: हेडर १०, मेनू २०, नोटिफिकेशन ३०. त्याच्या वर जायची वेळ आली की आकडा वाढवत नाही, डेव्हटूल्स उघडून बापापासून सुरुवात करते.