या चुका टाळा : ऑटोकम्प्लीटचा बॉक्स आणि ‘चेंज’ इव्हेंट

ऑटोकम्प्लीट म्हणजे टाइप करताच खाली जुळणाऱ्या नावांची यादी दाखवणारा बॉक्स. अशा टेक्स्ट बॉक्सला ‘चेंज’ इव्हेंट (मजकूर बदलल्याची ब्राउझरची सूचना) लावला की प्रत्येक अक्षरागणिक कोड चालेल, असं धरून चालणारी मुलं मला सतत भेटतात. तसं होत नाही. मजकूर बदलून एंटर दाबला किंवा बॉक्समधून फोकस (टाइप करायचा कर्सर) बाहेर गेला, तरच ‘चेंज’ येतो. अक्षरागणिक येतो तो ‘इनपुट’. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा ऑनचेंज मात्र ‘इनपुट’सारखा वागतो, आणि थेट रिअ‍ॅक्टपासून सुरुवात करणारे इथेच फसतात. आधी साधं जावास्क्रिप्ट शिका, हे मी उगाच सांगत नाही.

आता ती चूक, जिच्यापायी दुसऱ्याला उन्हात फिरावं लागलं. नागपुरातल्या एका कूलर दुरुस्तीवाल्यासाठी मी बुकिंगचा फॉर्म केला होता. ‘ध’ टाइप केलं की खाली धंतोली आणि धरमपेठ ही वस्त्यांची नावं. ग्राहक धरमपेठ निवडायचा, बॉक्समध्ये धरमपेठच दिसायचं, आणि मेकॅनिक पोचायचा धंतोलीत. मे महिना, पारा ४५च्या घरात, गाडीला पंप आणि ताट्या बांधलेल्या. “दादा, या नंबरचं घरच नाही न इथं,” असा फोन आला तेव्हा मला फार वाईट वाटलं.

कारण सापडायला तीन दिवस लागले. यादीवर माउस दाबताच बॉक्सचा फोकस जायचा आणि अर्धवट ‘ध’ घेऊन ‘चेंज’ सुटायचा. सर्व्हर पहिलं जुळणारं नाव, म्हणजे धंतोली, पकडून त्याचा आयडी (ओळख क्रमांक) पाठवायचा आणि तो फॉर्ममधल्या, ग्राहकाला न दिसणाऱ्या लपलेल्या फील्डमध्ये भरला जायचा. क्लिक त्यानंतर. माझा कोड बॉक्समध्ये धरमपेठ लिहायचा खरा, पण कोडने व्हॅल्यू बदलली तर ब्राउझर ना ‘इनपुट’ पाठवतो ना ‘चेंज’. आयडी धंतोलीचाच राहायचा. मी तपासताना पूर्ण नाव टाइप करून टॅब दाबत होतो, म्हणून मला ते दिसलंच नाही.

तेव्हापासून यादीवर मी ‘माउसडाउन’ला (माउस दाबताच येणारा इव्हेंट) प्रिव्हेंटडिफॉल्ट लावतो, म्हणजे ब्राउझरची नेहमीची कृती थांबते आणि फोकस बॉक्समध्येच राहतो. नाव आणि आयडी एकाच फंक्शनमध्ये भरतो. ‘इनपुट’ आला की आधी जुना आयडी पुसतो, आणि आयडी नसेल तर फॉर्म पुढे जाऊ देत नाही. ‘ब्लर’वर, म्हणजे फोकस जाताना, सेटटाइमआउटने २०० मिलिसेकंद थांबून काम भागवणाऱ्यांचा कोड मी परत पाठवतो. तुमच्या लॅपटॉपवर तो चालतो, ग्राहकाच्या संथ मोबाइलवर दगा देतो.

‘कीअप’वर (कळ सोडल्यावर येणारा इव्हेंट) विसंबू नका, माउसने केलेला पेस्ट त्याला कळत नाही.

सर्व्हरकडून ‘म’चं उत्तर ‘महाल’च्या उत्तरानंतर येऊ शकतं. नुसता डिबाउन्स (टाइपिंग थांबेपर्यंत विनंती रोखणं) पुरत नाही. अबॉर्टकंट्रोलरने जुनी विनंती रद्द करा.

जेक्वेरी यूआय या तयार लायब्ररीतल्या ऑटोकम्प्लीटला स्वतःचा वेगळा ‘चेंज’ आहे. त्यात यूआय डॉट आयटम नल (रिकामा) आला, तर नाव यादीतून निवडलेलं नाही.

आणि मराठी कीबोर्डवर तपासा. कीबोर्ड अजून शब्द जुळवत असतानाच दाबलेला एंटर यादीतलं भलतंच नाव उचलतो. ‘कीडाउन’मध्ये इजकम्पोजिंग (शब्द अजून जुळवला जातोय का) खरं असेल, तर तिथूनच परत फिरा.