घरच्या सर्व्हरची डिस्क जाऊ लागली, तर या चुका टाळा

नाशिकमध्ये वळवाचा पाऊस सुरू झाला की वीज वारंवार जाऊ लागते आणि घरच्या स्टोरेज सर्व्हरविषयीचे फोनही मला त्याच दिवसांत अधिक येतात. डिस्क बिघडल्याचे मला तितके वाईट वाटत नाही, कारण ती झिजणारीच वस्तू आहे. वाईट वाटते ते पहिल्या अर्ध्या तासात घाईने केलेल्या उपद्व्यापांचे.

सर्वांत महागात पडते ते चांगली डिस्क ओढून काढणे. इंदिरानगरमधील माझ्या एका स्नेह्यांकडे चार डिस्कांचा रेड ५ होता, म्हणजे माहिती अनेक डिस्कांवर अशी वाटून ठेवलेली, की एक गेली तरी उरलेल्यांवरून ती परत उभी करता येते. एका डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९७ क्रमांकाचा, म्हणजे वाचता न आलेल्या सेक्टरांचा (डिस्कवरील छोट्या कप्प्यांचा), आकडा रोज वाढत होता. अहवालात तिचे नाव ‘एसडीसी’ होते, म्हणून ‘सी’ म्हणजे तिसरी असे समजून त्यांनी वरून तिसरी डिस्क काढून तेथे नवी बसवली. ही नावे सर्व्हर सुरू होताना पडतात, खणांच्या क्रमाशी त्यांचा संबंध नसतो. रेड ५ एकाच डिस्कची उणीव सोसतो. त्यामुळे आता पुनर्बांधणीसाठी, म्हणजे नव्या डिस्कवर माहिती परत उभी करण्यासाठी, आजारी डिस्कच अथपासून इतिपर्यंत वाचावी लागली, आणि अर्ध्या वाटेत तिने मान टाकली.

मी सर्व्हर बंद करायला लावला, आजारी डिस्क वेगळ्या संगणकाला जोडली आणि डीडीरेस्क्यूने तिची नक्कल नव्या डिस्कवर घेतली. हा प्रोग्रॅम सुखाने वाचता येणारा भाग आधी उचलतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतो. कोठपर्यंत वाचून झाले याची नोंद ठेवणारी त्याची मॅप फाइल मी तिसऱ्याच डिस्कवर ठेवतो. त्या दोन दिवसांत वीज दोनदा गेली, तरी काम जेथे थांबले होते तेथूनच पुढे सुरू झाले. दोन निरोगी डिस्का आणि ही नक्कल एकत्र जोडल्यावर रेड उभा राहिला. दोन चित्रफिती तेवढ्या गेल्या.

तेव्हापासून मी प्रत्येक खणावर डिस्कच्या सीरियल नंबरची शेवटची चार अक्षरे लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो आणि काढलेल्या डिस्कवरचा नंबर दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावून अहवालाशी ताडतो. एखादा खण मोकळा असेल, तर आजारी डिस्क न काढता नवी शेजारी जोडून एमडीएडीएम या लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा ‘रिप्लेस’ आदेश देणे मला अधिक सुरक्षित वाटते.

दुसरी चूक नवशिक्यांची लाडकी आहे: आजारी डिस्कवरच एफएससीके चालवणे. हे साधन फाइल सिस्टीम (कोणती फाइल कोठे आहे याची मांडणी) सुसंगत करण्यासाठी डिस्कवर लिहिते आणि विसंगत नोंदी काढून टाकते. तुमच्या फाइली वाचवणे हे त्याचे कामच नाही. आधी नक्कल घ्यावी आणि दुरुस्ती त्या नकलेच्याही नकलेवर करावी. ‘तेवढा वेळ नाही’ ही सबब मी ऐकून घेत नाही.

रेड जोडला जात नाही म्हणून तो नव्याने बांधणारा, एमडीएडीएमचा ‘क्रिएट’ आदेश कधीही देऊ नये. डिस्कांचा क्रम चुकला, तर होते तेही हाती लागत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नये, आत दव धरते. स्मार्ट अहवालात १९९ क्रमांकाचा, म्हणजे माहिती ये-जा करताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल, तर नवी डिस्क आणण्याआधी डिस्कला जोडणारी साटा केबल बदलून पाहावी. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते.

काम संपल्यावरही जुनी डिस्क मी लगेच भंगारात देत नाही. घरातल्या प्रत्येकाने आपापले फोल्डर उघडून पाहिले आहे, याची खात्री होईपर्यंत ती तारीख घालून कपाटात ठेवतो.