शाळकरी मुलांचा कबड्डी मदत-सामना नागपुरात कसा भरवाल?

पहिल्या वर्षी आम्ही उलट्या टोकापासून सुरुवात केली. आधी चषक पसंत केले, मग टी-शर्टांचा रंग ठरला, आणि पैसे द्यायचे कुणाला हे मांडववाल्याला ॲडव्हान्स दिल्यावर आठवलं. सामना जोरात झाला. हिशेब मांडला तेव्हा संस्थेच्या हाती दिलेलं पाकीट लग्नातल्या आहेरापेक्षा फार जाड नव्हतं.

आधी संस्था

तेव्हा सुरुवात संस्थेपासून करा. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण बरेच आहेत. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. अशा मुलांसाठी काम करणारी नोंदणीकृत संस्था निवडा आणि नेमकं काय हवंय ते त्यांनाच विचारा. कदाचित पैशांइतकंच रक्तही हवं असेल. खेळाडू १८ वर्षांखालचे, त्यांचं रक्त चालत नाही. पण बघायला येणारे आईबाबा, काका चालतात. मैदानाच्या कोपऱ्यात रक्तपेढीचं शिबिर बसवता येतं.

पैसे शक्यतो तुमच्या हातात येऊच देऊ नका. फलकावर संस्थेच्याच खात्याचा क्यूआर कोड लावा. आयकर सवलतीची पावती हवी असणाऱ्यांना आधीच सांगा, २,००० रुपयांवर रोख दिली तर सवलत मिळत नाही. तुमची समिती स्वतः वर्गणी गोळा करणार असेल आणि ती नोंदणीकृत न्यास नसेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं कलम ४१ क खाली घेतात, तीच.

तारीख

इथे नागपूरचं पंचांग बघावं लागतं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की पोलिसांपासून गाड्यांपर्यंत सगळं तिकडे अडकलेलं. संक्रांतीला अख्खं शहर गच्चीवर, आणि मैदानात मांजाचे गुंते. २६ जानेवारीच्या आधीचे एक-दोन दिवस शाळेचं मैदान संचलनाच्या तयारीला. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. राहता राहिला १८ ते २४ जानेवारीमधला रविवार, आणि या सात दिवसांत तो एकच येतो. मुख्याध्यापकांना दिवाळीपूर्वीच गाठा.

मानकापूरच्या क्रीडा संकुलाचा मोह होईल. पहिल्यांदा तरी शाळेचं मैदान घ्या; भाडं नाही आणि प्रेक्षक रेषेला खेटून बसतात. पोलीस ठाण्याचं पत्र मात्र लागेलच, भोंग्यासाठीसुद्धा.

संघनिवड

भांडणं इथेच होतात. शाळांच्या क्रीडाशिक्षकांना बोलवा, प्रत्येकाला मताचा हक्क द्या, पण स्वतःच्या शाळेच्या खेळाडूला मत द्यायचं नाही हा नियम आधी कागदावर आणा. एका शाळेतून जास्तीत जास्त दोन खेळाडू. संघांना शाळांची नावं नकोत. रेल्वे रुळाच्या पूर्वेचे आणि पश्चिमेचे अशी फोड करा. चिडवाचिडवी होते, पण गोडीत.

दुसरी चूक आम्ही केलेली: गाजलेली पोरं निवडली आणि ती निघाली सगळी चढाईवाली. सात जणांत पाच जण ‘मी जातो, मी जातो’ म्हणणारे, आणि समोरचा चढाईपटू आला की डाव्या कॉर्नरला, म्हणजे बचावाच्या डाव्या टोकाला, उभं कोण राहणार यावर एकमेकांकडे बघणं. पहिला लोन (अख्खा संघ बाद) बसायला फार वेळ लागला नाही. म्हणून जागेनुसार मत मागा: दोन कॉर्नर, त्यांना आतून साथ देणारे दोन कव्हर, मग चढाईपटू. बारा जणांचा संघ ठरला की किमान दोन सराव एकत्र घ्या. साखळी धरायची सवय हाताला लागते, ती भाषण देऊन लागत नाही.

मुलींचा सामनाही ठेवा, आणि तो शेवटी ठेवा. आधी ठेवला की लोक त्यानंतरच यायला लागतात.

खर्च

मॅटचं भाडं, पंचांचं मानधन, टी-शर्ट, पाणी. हे सगळं तिकीट विकण्याआधी प्रायोजकांकडून वसूल झालं पाहिजे. तिकिटाचा एक रुपयाही मांडवाला जाऊ नये. प्रायोजक म्हणजे मोठी कंपनीच असं नाही. काटोलकडे कुणाच्या मामाचा बगीचा असेल तर संत्र्यांचा एक क्रेट मिळतो, मध्यंतराची सोय झाली. चषक दोनच, लहानसे.

सामन्याचा दिवस

जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दिव्यांचा खर्च टाळायचा तर पहिला सामना बरोबर तीनला सुरू करा. १५-१५ मिनिटांचे दोन डाव, मध्ये ५ मिनिटं. पाहुण्यांची भाषणं दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, आणि माइक बंद करणारा माणूस खमक्या हवा.

पालकांचं संमतिपत्र नसेल तर खेळाडू कितीही चांगला असो, बाहेर बसवा. बर्फ, प्रथमोपचार पेटी, एक डॉक्टर आणि १०८ नंबर ठळक अक्षरात. टेबलावर नेलकटर ठेवा: पंच नखं तपासतात, आणि ऐनवेळी दहा पोरं एकाच नेलकटरभोवती गोळा होतात. दोन ठेवा. गंडे, कडी, साखळ्या काढून एका डब्यात, नावाच्या चिठ्ठीसह.

दुसरा सामना संपता संपता जमलेली रक्कम फलकावर खडूने लिहा, खर्च कुणी उचलला तेही. आठवड्याभरात हाच हिशेब संस्थेच्या पावतीसह प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लागू द्या. आणि मॅट त्याच संध्याकाळी गुंडाळून परत पाठवा, नाहीतर दुसऱ्या दिवसाचं भाडं लागतं.