गाण्याचा व्हिडिओ काढायच्या आधी वही काढा

आमच्या परभणी-लातूर पट्ट्यात आता गावोगाव पोरं गाणी काढायलेत, भीमगीतं, बंजारा तांड्यावरची लेंगी, ऊसतोडीची गाणी, आणि आवाज लई गोड असतात बगा, पण व्हिडिओ लावला की जीव हळहळतो, कारण गाणं एवढं मन लावून केलेलं आणि चित्रात मात्र ड्रोन, बुलेट, गॉगल, परत ड्रोन. मी हे काम बरीच वर्षं करायलोय आणि मधे मीडिया थिअरी पण वाचली. परीक्षेपुरतं वाचलेलं शूटिंगला एवढं कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं, म्हणून जे जे कामाला आलं ते सांगतो.

कॅमेरा भाड्यानं आणायच्या आधी वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडं गाण्याची एकेक ओळ आणि उजवीकडं त्या ओळीला काय दिसणार ते लिहा. अँड्र्यू गुडविन म्हणून एका अभ्यासकानं १९९२ च्या पुस्तकात गाण्याच्या व्हिडिओचं गणित मांडलंय, त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, की शब्द आणि चित्र यांचं नातं तीन प्रकारचं असतं. एक तर चित्र शब्दच दाखवतं, नाहीतर शब्दाचा अर्थ वाढवतं, नाहीतर शब्दाशी संबंधच ठेवत नाही. वहीत प्रत्येक ओळीपुढं दाखवतंय, वाढवतंय, तोडतंय असं लिहीत जा. पानभर नुसतं दाखवतंय आलं तर थांबा.

माझंच सांगतो. ऊसतोडीच्या एका गाण्यात कोयता शब्द आला की मी कोयता दाखवला, चूल आली की चूल, बैल आले की बैल. मावशीला मोबाईलवर लावून दिलं, तिनं शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणली, हे तर गाण्यात सांगितलंच की रे, परत कामून दाखवायलास? तिची अर्धी जिंदगी फडात गेलेली. मग तिनंच सांगितलं की मुकादमाच्या हिशोबात कोयता म्हणजे हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळती ती या कोयत्यावर. मला हे माहीत होतं, पण शूटिंगला डोक्यात आलंच नाही. पुढच्या वेळी त्या ओळीला दोघं शेजारी शेजारी बसलेले, मधे मुकादमाची वही, आणि बाईचा अंगठा शाईत बुडवलेला एवढाच शॉट घेतला. चुलीच्या ओळीला गावातली विझलेली चूल आणि दाराला कुलूप, कारण दसऱ्यानंतर माणसं कारखान्यावर गेली की अर्धं गाव तसंच दिसतं. याला म्हणायचं चित्रानं शब्द वाढवणं.

आता चेहरा. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं, दिवसरात्र गाण्याचे व्हिडिओ, आणि कंपन्यांच्या दृष्टीनं तो व्हिडिओ म्हणजे कलाकाराची जाहिरात, म्हणून गायकाचे क्लोजअप पाहिजेतच ही अट तिथूनच पक्की झाली. आपल्याकडं कंपनी नसती, पैसे गायकाच्या मामानं घातलेले असतात आणि तो पण हेच म्हणतो, भाच्याचं तोंड दिसलं पाहिजे. त्याचं बरोबरच आहे, वाद घालू नका. फक्त क्लोजअप धृपदाला ठेवा आणि कडव्यात गोष्ट सांगा, म्हणजे धृपद परत आलं की चेहरा परत येतो आणि लोकांना तो लक्षात राहतो. गाणारा भाग, गोष्टीचा भाग आणि नुसत्या कल्पनेचा भाग, या तिन्हीचं मिश्रण बहुतेक व्हिडिओत असतंच, तुम्ही प्रमाण ठरवा.

कटिंगला बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके पडतात ते, काढाच. हलगी १०० बीपीएमला असेल तर एक ठोका ०.६ सेकंदाचा, सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर बरोबर १५ फ्रेम, चार ठोके ६० फ्रेम. आता हे कळलं म्हणून प्रत्येक ठोक्याला कट मारत बसू नका, दोन मिनिटात डोकं दुखायला लागतं. कडव्यात शॉट आठ-आठ ठोके ठेवा, हलगी चढली की चारवर या, मग दोनवर.

आणि स्लो मोशनमधे ओठ जुळत नाहीत म्हणून लई पोरं रडतात, त्याला सोपा उपाय आहे. गाण्याची दुप्पट वेगाची फाईल बनवा, स्पीकरवर ती वाजवा, गायकानं तेवढ्याच वेगानं गायचं आणि कॅमेरा ५० फ्रेमवर लावायचा. एडिटला क्लिप २५ वर आणली की चाल संथ होते आणि ओठ मूळ गाण्यावर बसतात. फाईल गायकाला आदल्या रात्रीच पाठवा, नाहीतर शूटच्या जागी अर्धा तास पाठ करण्यातच जातो आणि तोवर ऊन डोक्यावर येतं.

एका गोष्टीवर मात्र मी भांडतो. लॉरा मल्वी या सिनेमाच्या अभ्यासक, त्यांनी १९७५ मधे सिनेमाबद्दल लिहिलं की पडद्यावर बाई ही बघायची वस्तू होते आणि कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यानं बघतो. आपल्या गाण्यात हेच चाललंय, बाई कापूस वेचायली आणि कॅमेरा मागून, खालून, पैंजणापासून सुरू. प्रत्येक शॉटला विचारा की कॅमेरा कुणाच्या डोळ्याच्या जागी ठेवलाय. मी वेचणीचं शूट केलं तेव्हा कॅमेरा तिच्या डोळ्याच्या उंचीवर धरला आणि बोटांचा क्लोजअप घेतला, सुकलेल्या बोंडाच्या टोकानं नखांच्या कडेला बारीक बारीक ओरखडे असतात, तेवढ्यानंच ते कडवं उभं राहिलं. मग तिनं एकदा सरळ लेन्समधे बघितलं. शॉट झाला की तिला स्क्रीनवर दाखवायचा, ती नको म्हणली तर काढून टाकायचा, एवढं तर आपल्या हातात आहेच.

प्रकाराच्या खुणा सांभाळा, त्यावरून प्रेक्षक पाच सेकंदात ओळखतो आपण काय बघायलोय. भीमगीताला निळा रंग, लेंगीला आरशाची फेटिया-काचळी, गोंधळाला संबळ आणि पोत, म्हणजे देवीची मशाल. एखादी खूण मुद्दाम मोडायची तर बाकीच्या ठेवा. जुन्या ओळखीच्या चित्राची आठवण करून देणं, ज्याला थिअरीत इंटरटेक्स्च्युअ‍ॅलिटी म्हणतात, ते पण चालतं, पण आठवण बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच असली पाहिजे. लोकेशनसाठी देवगिरीच पाहिजे असेल तर तो पुरातत्त्व खात्याकडचा किल्ला आहे, परवानगी आधी काढा.

कच्चा कट झाला की अपलोड करू नका. स्टुअर्ट हॉल या मीडियाच्या अभ्यासकानं १९७३ मधे मांडलं की बनवणारा एक अर्थ घालतो, पण बघणारा तो तसाच घेईल, थोडा बदलून घेईल किंवा साफ उलटा घेईल. म्हणून तीन माणसांना दाखवा, एक गायकाच्या घरचा, एक त्या कामातला, एक दुसऱ्या गावचा. आधी आवाज बंद करून लावा आणि विचारा, काय चाललंय यात? मग आवाज चालू करून परत. मावशी आता माझी दुसरी प्रेक्षक असते, आणि तिनं कुठं मोबाईल खाली ठेवला तो मिनिट-सेकंद मी वहीत लिहून घेतो.